तहाला बसले कोण?

युद्ध थांबले म्हणजे शांतता झाली, असे आपण सहज बोलून जातो. पण बंदूक थांबणे निराळे आणि वैर थांबणे निराळे. दारूगोळा संपला, हात थकले, समोरचा माणूस मेला, तरी बंदूक थांबते. वैर कशाने थांबते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण धम्माचे लोक मनाकडे पाहतो, मैत्रीकडे आणि करुणेकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला वाचक बंधू-भगिनींपुढे या प्रश्नाची दुसरी बाजू मांडावयाची आहे. लढाईनंतर जो तह होतो, त्या तहाला कोण बसले होते? कोणाच्या पदरात काय पडले? आणि जे पडले ते हक्क म्हणून पडले की कृपा म्हणून? शांततेचे आयुष्य या गोष्टींवर ठरते की काय?

हा विषय शाळेत युरोपचा म्हणून शिकविला जातो. व्हिएन्नाची परिषद, व्हर्सायचा तह, दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप, असे धडे असतात, मुले सनावळ्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. परंतु हाच प्रश्न आपल्या नंदुरबारच्या मातीतही उभा राहिलेला आहे. इतकेच नव्हे, तर एकाच वर्षी तो युरोपात आणि खानदेशात उभा होता. ते वर्ष म्हणजे १८१८.

१ जानेवारी १८१८ हा दिवस आपल्या घरातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावे आपण वाचतो. पण त्या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत काय घडले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जूनच्या आरंभी दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याचे राज्य गेले, पण त्याला सालिना आठ लाख रुपयांची नेमणूक मिळाली आणि गंगेकाठी बिठूरला तो सुखाने राहिला. पुढच्या वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंहाला लहानसे राज्यही देण्यात आले. हरलेल्या बड्या मंडळींशी इंग्रज असे वागले.

त्याच १८१८ साली युरोपात एक्स-ला-शापेल या गावी मोठ्या राष्ट्रांची परिषद भरली होती. नेपोलियनच्या फ्रान्सने वीस वर्षांहून अधिक काळ युरोप पेटवला होता. १८१५ मध्ये फ्रान्स हरला आणि विजेत्यांच्या फौजा त्याच्या भूमीवर जाऊन बसल्या. सूड घ्यावयाचा तर याहून चांगली संधी नव्हती. परंतु १८१८ च्या या परिषदेत विजेत्यांनी आपल्या फौजा मागे घ्यावयाचे ठरविले आणि हरलेल्या फ्रान्सलाच मोठ्या राष्ट्रांच्या बैठकीत खुर्ची दिली. त्यानंतर क्रिमियाच्या युद्धापर्यंत, म्हणजे १८५३ पर्यंत, युरोपातील मोठी राष्ट्रे एकमेकांशी लढली नाहीत. हे विजेते काही संत नव्हते. शहाणे मात्र होते. हरलेला शेजारी दाराबाहेर उपाशी बसला तर तो दार फोडतो, एवढे त्यांना कळले होते.

आता त्याच वर्षीच्या खानदेशाकडे या. पेशवाई बुडाली तेव्हा खानदेश उजाड होता. १८०३ चा दुष्काळ, होळकरी फौजांची धावपळ, पेंढाऱ्यांची लूट यांमुळे गावेच्या गावे ओस पडली होती. आजच्या शहादा तालुक्यातले सुलतानपूर हे एके काळचे भरभराटीचे ठाणे उद्ध्वस्त झाले होते. सातपुड्यात आणि पश्चिमेच्या डोंगरांत भिल्ल समाज होता. घाटांची राखण करावी आणि त्याबद्दल गावांकडून हक्काचे धान्य-पैसे घ्यावेत, ही त्याची जुनी रीत. अंदाधुंदीच्या काळात ते हक्क बुडाले आणि भिल्लांनी हत्यार उचलले. पेशवाईच्या अंमलदारांनी याला दिलेले उत्तर वाचले की अंगावर काटा येतो. बोलणी करू म्हणून बोलावून दग्याने कत्तल केल्याचे प्रकार झाले. ज्या समाजाने 'बोलणी' या शब्दाचा असा अर्थ अनुभवला, तो पुढच्या राज्यकर्त्याच्या बोलावण्याला कसा यावा?

इंग्रजांनी धुळ्याला ठाणे केले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज तेथून कारभार पाहू लागला. काही नायकांना तनखे देऊन पाहिले, पण भर राहिला तो फौजेवर. घाट रोखणे, डोंगरातले धान्य तोडणे, नायकांना पकडून फाशी देणे, अशी सात वर्षे गेली. डोंगर काही शांत झाला नाही. एक नायक मारला की दुसरा उभा राही.

१८२५ मध्ये धोरण बदलले. तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. भिल्लांसाठी तीन एजन्स्या काढण्यात आल्या. त्यांपैकी नंदुरबार-सुलतानपूरकडच्या एजन्सीचे ठाणे तापीकाठच्या कुकरमुंड्याला होते. एजंटाने भिल्लांची नोंद करावी, त्यांना जमीन, बैल आणि बियाण्यासाठी तगाई द्यावी, नायकांच्या जुन्या हक्कांचा निवाडा करावा, मागील गुन्हे माफ करावेत, असे ठरले. जेम्स औट्रम नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. हा औट्रम भिल्लांबरोबर रानात हिंडे, शिकार करी, त्यांच्यात नि:शस्त्र जाऊन बसे. काही वर्षांत खानदेशचे रस्ते वाहते झाले. जे सात वर्षांच्या फौजेला जमले नाही ते नांगराने आणि विश्वासाने करून दाखविले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर! सूड सोडला, ममता दाखविली, शांतता आली. आपल्या तत्त्वाचीच ही साक्ष. इंग्रज ग्रंथकारांनी ही कथा तशीच रंगवून सांगितली आहे. पण माझ्या मते ती अर्धी कथा आहे, आणि उरलेली अर्धी आपल्या जास्त कामाची आहे.

१८२५ ची शांतता ही मिळालेली शांतता होती, ठरविलेली नव्हे. जमीन दिली ती साहेबाने, माफी दिली ती साहेबाने, तनखा दिला तोही साहेबाने. तो चालू ठेवावा की नाही हे ठरविणाराही साहेबच. सेंधव्याच्या घाटावर इंग्रजांच्या चाकरीत राखण करणारा खाज्या नाईक याच व्यवस्थेतला माणूस. चाकरी गेली, तुरुंग घडला, पुन्हा चाकरीवर घेतले गेले आणि १८५७ मध्ये तो उठला. १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची आणि इंग्रज फौजेची मोठी लढाई झाली, स्त्रियांनाही कैद झाली. तेहतीस वर्षांपूर्वीची ममता तेव्हा कोठे गेली होती?

मौज अशी की, बड्यांच्या बाबतीतही तेच झाले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. बाजीराव १८५१ मध्ये वारला आणि त्याचा दत्तकपुत्र नानासाहेब याला आठ लाखांची नेमणूक नाकारण्यात आली. पुढचे सर्वांना माहीत आहे. आणि ज्यांच्या तलवारीने १८१८ चा विजय मिळाला त्या आपल्या पूर्वजांचे काय? ते तर जिंकणाऱ्या बाजूचे! पण १८९० नंतरच्या काळात एका धोरणाच्या फटक्यासरशी महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. बाजीराव, खाज्या नाईक आणि कोरेगावच्या शिपायांचे नातू यांच्यात काय साम्य? एकच. तिघांपैकी कोणीही अशा जागी बसलेला नव्हता जेथून 'हे मला मान्य नाही' असे म्हणता आले असते.

आता युरोपच्या विसाव्या शतकाकडे पाहू, म्हणजे मुद्दा अधिक उघड होईल. पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी व्हर्सायला तह झाला. जर्मनीला चर्चेला बसविलेच नाही. तयार कागद पुढे टाकला आणि सही करा म्हणून सांगितले. युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारे २३१ वे कलम त्यात होते. पुढे १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरली. हप्ते थकले तेव्हा १९२३ च्या जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा ऱ्हूरच्या कोळसापट्ट्यात घुसल्या. या तहाने हिटलर जन्माला घातला असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. हिटलरच्या पापाचे धनी हिटलर आणि त्याला साथ देणारेच आहेत. पण अपमानाचे सरपण त्याला तयार मिळाले, हे कोण नाकारील?

१९४५ नंतर निराळी वाट धरली गेली. जर्मनीचे तुकडे झाले, सोसावे लागले ते पुष्कळच. पण पश्चिमेकडच्या भागाला १९४८ नंतर मार्शल योजनेतून मदत मिळाली, आणि ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी एक विलक्षण प्रस्ताव मांडला. कोळसा आणि पोलाद या दोन वस्तूंवर युद्धे चालतात. तोफ पोलादाची, भट्टी कोळशाची. ज्या ऱ्हूरसाठी १९२३ मध्ये फौजा धाडल्या, तेथला कोळसा आणि फ्रान्सचे पोलाद एकाच सामाईक मंडळाच्या हाती द्यावे, असा तो प्रस्ताव. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला सहा देशांनी त्या करारावर सह्या केल्या. सहा वर्षांपूर्वी धुळीस मिळालेली जर्मनी त्यांत बरोबरीची सही करणारी होती. ज्यावरून भांडण होते ती वस्तूच दोघांच्या सामाईक कारभाराखाली आली. सत्तर वर्षांत तीन वेळा एकमेकांवर तुटून पडलेले फ्रान्स आणि जर्मनी त्यानंतर लढलेले नाहीत.

वर्गात हा भाग शिकविताना एका मुलाने विचारले, "सर, ते सुधारले की घाबरले?" प्रश्न खरा आहे. पूर्वेला सोव्हिएत रशियाची फौज उभी होती, डोक्यावर अणुबॉम्ब होता, अमेरिकेचा पैसा आणि पहारा होता. भीतीचा वाटा मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु भीती १९१९ नंतरही होती. भीतीने माणसे एकत्र येतात. एकत्र राहण्याला मात्र काही रचना लागते.

आणि या रचनेचीही एक काळी बाजू आहे. ज्या ८ मे १९४५ रोजी युरोपात विजयोत्सव चालला होता, त्याच दिवशी फ्रान्सच्या ताब्यातील अल्जेरियात सेतीफ येथे स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे कित्येक दिवस कत्तल चालली. हॉलंड १९४९ पर्यंत इंडोनेशियात लढत राहिला, फ्रान्स १९६२ पर्यंत अल्जेरियात. पोर्तुगालने तर १९६१ पर्यंत गोवा सोडला नाही. युरोपची शांतता मेजावर बसलेल्या युरोपीयांपुरती होती. मेज जेवढे रुंद, तेवढीच तिची सावली. १९९१ नंतर युगोस्लाव्हिया फुटला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा युरोपच्या भूमीवरही ती सावली कोठे संपते ते दिसले.

येथे क्षमेचा प्रश्न येतो, आणि तो आपल्यासाठी नाजूक आहे. आपल्याला वरचेवर सांगितले जाते की, झाले गेले विसरा, एकोप्याने राहा. युरोपने असे विसरून शांतता मिळविली काय? मुळीच नाही. न्यूरेंबर्गला खटला चालला आणि १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल लागला. बारा जणांना फाशीची शिक्षा सांगितली गेली. त्या खटल्यात विजेत्यांची स्वत:ची पापे तपासली गेली नाहीत, हा त्याचा दोष. तरीही त्याने एक भेद केला. व्हर्सायने सारे राष्ट्र दोषी धरले होते. न्यूरेंबर्गने अपराध करणारी माणसे नावानिशी उभी केली. पुढे १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने ज्यूंच्या संहाराबद्दल इस्रायलला तीन अब्ज मार्क देण्याचा करार केला. अपराध कबूल केला, मोल मोजले, मग हात पुढे केला. या क्रमातली पहिली पायरी गाळून कोणी तिसरीवर उभा राहू म्हणेल तर पाय घसरणारच.

मात्र ज्याचे नुकसान झाले त्याने आपण होऊन सोडले, तर गोष्ट वेगळी. १९५१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जपानबरोबरच्या तहाची परिषद भरली होती. सिलोनचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने तेथे उभे राहिले आणि बुद्धाच्या वैराविषयीच्या वचनाचा आधार घेऊन त्यांनी जाहीर केले की, जपानी बॉम्ब आमच्यावरही पडले, पण आम्ही भरपाई मागणार नाही. जपानी लोक ते भाषण अजून आठवतात. हे लक्षात घ्या की, सिलोन तेथे खुर्चीवर बसलेला स्वतंत्र देश होता. मागण्याचा हक्क त्याच्या हाती होता, म्हणून सोडण्याला मोल आले. ज्याला मागण्याचाच अधिकार नाही त्याच्या सोडण्याला क्षमा कसे म्हणावे? ती लाचारी होय.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याला एवढे महत्त्व का दिले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शाक्य संघ कोलियांवर युद्ध पुकारण्यास निघाला तेव्हा तरुण सिद्धार्थाने विरोध केला. पण विरोध करून तो थांबला नाही. त्याने मार्ग सुचविला: आपण दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. पाहा, येथे कोलियांना काही देण्याची गोष्ट नाही. त्यांना निवडण्याचा अधिकार आहे आणि पाचवा माणूसही दोघांच्या संमतीचा आहे. बहुमताने ही सूचना फेटाळली आणि सिद्धार्थाने घर सोडणे पत्करले. शुमानच्या मंडळात आणि औट्रमच्या ममतेत जो फरक आहे, तो या साध्या सूचनेत दिसून येतो.

रोहिणीचे नाव निघाले म्हणून आपल्या नर्मदेचे घेतो. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांचा तंटा लागला, १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९७९ मध्ये त्याने निवाडा दिला. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी. विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. चार राज्ये लढाईवाचून समेटाला आली, ही लहान गोष्ट नाही. विस्थापित शेतकरी कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी असेही निवाड्यात होते. पण सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची जी ३३ गावे येणार होती, ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणीतील आदिवासींची. लवादापुढे राज्ये होती. मणिबेली नव्हते. मग निवाड्यात लिहिलेली जमीन पदरात पाडून घेण्यासाठी त्या लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, पाण्यात उभे राहावे लागले, यात नवल ते काय?

जमिनीचेही तसेच. १८२५ ला दिलेली जमीन पुढे कर्जापायी सावकाराच्या आणि मोठ्या शेतकऱ्याच्या वहीत गेली. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारचे झाले आणि घाटाचा राखणदार सालदार झाला. १९७१ पासून शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींनी या भूमिहीनांना उभे केले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली, आणि या भागातल्या व इतरत्रच्या अशा लढ्यांचा रेटा लागून १९७४ चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यात आहे. कितीजणांना प्रत्यक्ष मिळाल्या हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण या वेळी देणारा साहेब घोड्यावर बसून आला नव्हता. घेणारे मोर्चाने गेले होते.

२००६ च्या वनहक्क कायद्यात तर दाव्याचा पहिला विचार ग्रामसभेने करावयाचा आहे. साहेबाच्या आधी गाव बसते. आपल्यापैकी अनेकांचे शेजारी, शाळेतले पालक, बाजारात भेटणारे लोक असे दावेदार आहेत, आणि पुष्कळांचे दावे कागद अपुरा म्हणून फेटाळले जातात. आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो, आणि पुरावे एकाहून अधिक जोडावे लागतात. त्यांत दावेदाराखेरीज गावातील इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी कथनही चालते, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींना ते लिहून देता येईल. म्हाताऱ्याने सांगावे, पोराने लिहावे, खाली अंगठा घ्यावा आणि एक प्रत दावेदाराच्या हाती ठेवावी.